मोटेवरची नदी

चार बैलजोड्या ओढतायत तोवर वाहणारी आणि बैल मुतायला थांबले की आटणारी नदी मी बघितली आहे. नुसती बघितली नाही, त्या चार जोड्यांतली एक माझी होती.

परवा नातवानं मला पुण्याच्या अलीकडं एका बागेत नेलं. तिकीट काढून आत गेलं की निळ्या फरशीवरनं नदी वाहते. मधी बेट, बेटावर प्लास्टिकची नारळाची झाडं, आणि फुगवलेल्या टायरात बसून चांगले मिशीवाले बापे त्या नदीत गोल फिरतात. नातू म्हणाला, "आबा, असलं कधी बघितलं नसंल तुम्ही." मी म्हणालो, "बघितलंय. तुझा बाप जन्मायच्या आधी बघितलंय आणि थुंकलोय त्यावर." त्याला ते खरं वाटलं नाही. म्हणून लिहायला बसलो. निजामाच्या शाळेत दोन साल उर्दू गिरवली, मराठी शाळा आली तेव्हा मी औतावर होतो. मराठी अक्षरं मी एसटीच्या आणि दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो. कुणाचे उपकार नाहीत.

निजाम गेला, मग आम्ही मुंबईत गेलो म्हणाले, मग महाराष्ट्र झाला म्हणाले. आमचं गाव धाराशिवापासून दोन कोसांवर होतं, ते तिथंच राहिलं. सरकारी कागदात शहराचं नाव उस्मानाबाद, आमच्या तोंडात धाराशिव. त्या दिवसांत एका उन्हाळ्यात धाराशिवाच्या बाहेरच्या माळावर मोठी नुमाइश भरायची ठरली. साहेब लोक तिला प्रदर्शन म्हणायचे. नवी बियाणं, लोखंडी नांगर, दुभती जनावरं, सगळं मांडणार होते. ते ठीक होतं. पण लांबून आलेल्या एका गुत्तेदाराच्या, म्हणजे ठेकेदाराच्या, डोक्यात आलं की माणसं नांगर बघायला येत नाहीत, गंमत बघायला येतात. म्हणून नदी करायची. वैशाखात, आमच्या त्या बोडक्या माळावर, नदी!

गुत्तेदार पांढरे बूट घालून चिखलाच्या कामावर यायचा. त्यावरनंच मी त्याला ओळखला. माळाच्या वरच्या अंगाला चार मोटांची जुनी विहीर होती. त्या विहिरीचं पाणी थारोळ्यात पडणार, म्हणजे मोट ओतते त्या दगडी हौदात, आणि तिथनं चर खणून नदीत जाणार. नदी होती गोल. निघायची तिथंच परत यायची. ज्या वाटेनं जायचं त्याच वाटेनं फिरून यायचं, ह्याला आमच्यात नदी म्हणत नाहीत, घाण्याचा बैल म्हणतात. मधी मातीचा ढीग, तो बेट. बेटावर केळीचे खुंट रोवलेले, ते चौथ्या दिवशी माना टाकून बसले. एक शाडूची मगर केली होती, हिरवी, जीभ लाल. तिला दात माणसासारखे काढले होते. मी त्या कारागिराला विचारलं, "मगर बघितलीस का कधी?" तो म्हणाला, "तुम्ही बघितलीय का?" मी म्हणालो, "म्हणूनच म्या करत न्हाय."

मला जोडी घेऊन मोटेवर बोलावलं होतं. पण त्याआधी दोन उन्हाळे मी तलावाच्या भिंतीवर काम केलेलं. पाणी अडवणाऱ्या भिंतीच्या पोटात काळी माती भरतात. ओली करून, बैल फिरवून, वीत वीत थर तुडवत. ती माती मानी असते. ओली ठेवाल तर थेंब सोडणार नाही. एकदा उन्हात वाळू दिली की तोंड उघडते, आणि मग भेगेत कोपरापर्यंत हात जातो. गुत्तेदारानं मुरमात चर खणून वर काळ्या मातीचा थर दिला, इथवर बरोबर. पण त्याला नदी निळी पाहिजे होती. ओल्या मातीवर रंग बसेना, म्हणून तीन दिवस थर उन्हात वाळवला आणि चुन्यात नीळ कालवून वरनं हात मारला.

मी त्याला म्हणालो, "साहेब, ही माती वाळवू नका. पाणी ठरणार न्हाय."

"बाबा, तू बैल हाक. नदी मी बघतो."

त्याची माणसं हसली. मी जवान होतो आणि तो मला बाबा म्हणत होता. मी गप बैलांकडं गेलो. विचारल्याशिवाय सांगितलं, एकदा सांगितलं, पुन्हा सांगत नाही. तो माझा स्वभाव आहे.

आता ह्यात माझी घरची कुठं आली ते सांगतो. ती मांजरा नदीच्या काठची, कळंबाच्या अंगाची. आदल्या साली पोरीला गोवर निघाला, दोन दिवस पोरगी डोळे उघडेना. तेव्हा हिनं बोलून ठेवलं, पोर उठली की माहेरच्या मांजरामाईची ओटी भरीन. पोर उठली. ओटी राहिली. राहिली कारण मी तिला चार सालांत माहेरी धाडली नव्हती. का, तर तिच्या थोरल्या भावानं आमच्याच लग्नाच्या पंगतीत, सगळ्या जातगोतासमोर, मला वाढता वाढता म्हटलं होतं, "दाजींना पाणी जपून वाढा रे. कोरड्या बालाघाटावरची माणसं हायेत, एवढं एकदम बघून घाबरतील." पंगत हसली. मी भरल्या ताटावरनं उठलो, बैल जुंपले आणि हिला घेऊन निघालो. त्या गावाची वेस पुन्हा ओलांडणार नाही म्हणालो. म्हणालो म्हणजे म्हणालो.

पोरीला जरा कणकण आली की ही देवळीपुढं जाऊन बसायची. ओटीचं सामान, खण, नारळ, हळकुंड, सगळं एका फडक्यात बांधून उतरंडीच्या मागं ठेवलं होतं, ते मला दिसत होतं. मी बघत नव्हतो, एवढंच.

तर नुमाइश उघडायच्या आदल्या दिवशी भोंगा लावलेली एक मोटार गावोगाव फिरली. भोंग्यातनं ओरडत होते की नदीत सात नद्यांचं पवित्र पाणी आणून घातलं आहे. गंगा, गोदा, भीमा, कृष्णा, आणि त्यात मांजरा. मांजराचं नाव आलं आणि हिच्या हातातली परात तशीच राहिली.

"आवो, मांजराचं पाणी हाय म्हणं तिथं?"

मी बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्याची शिवण बघत होतो.

"आवो, तुम्ही रोज जाताव. हाय का?"

"म्हणत्यात तर आसंल," मी म्हणालो.

ह्या तीन शब्दांची मला अजून चीड येते. कारण त्या सात नद्यांच्या सातही घागरी त्याच दुपारी मीच भरल्या होत्या. थारोळ्यातनं. गुत्तेदारानं घागरींना सात रंगांचे पट्टे मारले, तोंडाला आंब्याची पानं बांधली आणि मला म्हणाला, भरून ठेव. गंगा भरताना एक बेडकाचं पिल्लू आत गेलं होतं, ते मी बोटानं काढलं. एवढी ती गंगा. पण मी बोललो नाही. न बोलण्यात माझी सोय होती. हिनं तिथं ओटी भरली असती, नवस फिटला असता, आणि मला त्या मेहुण्याचं तोंड बघायला लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूलाच चारी मोटा सुरू केल्या. भेगांत चुना कोंबून ठेवला होता, तरी पाणी घोट्याच्या वर चढायला ऊन चढावं लागलं. मोठे साहेब आले. त्यांना एका पत्र्याच्या नावेत बसवलं. नाव वल्ह्यानं चालत नव्हती. दोन गडी काठानं दोर धरून ओढत होते, जसा मी बैल ओढायला लावत होतो तसे. साहेब हात हलवत होते, कुणाला ते त्यांनाच ठाऊक. मग त्या सात घागरी वाजतगाजत नदीत ओतल्या. आणि बाया पुढं सरल्या.

दोन-तीनशे बाया असतील. कुणी बारशीकडच्या, कुणी तामलवाडीच्या, पोरं काखेत. निळ्या चुन्यावर हळदीकुंकू वाहत होत्या, नारळ सोडत होत्या, पदर पसरत होत्या. सरकारानं नदी आणली आणि त्या आपल्या भोळेपणानं तिला आईबाई म्हणत होत्या. मला त्यांची दया आली असं म्हणणार नाही. मला राग आला. मोटेची धाव, म्हणजे बैल मोट ओढतात तो उतार, उंचावर होती, तिथनं मला सगळं दिसत होतं, आणि त्यात माझी घरची दिसली. पोरीला कडेवर घेऊन, पायतान काठाला काढून, त्या मगरीच्या समोर ती पाण्यात उतरत होती. वाकली आणि तिनं पाणी कपाळाला लावलं. हात निळा, कपाळ निळं.

मी मोटेचा नाडा सोडला, बैल तसेच धावेवर उभे केले आणि खाली उतरलो.

"उचल तो खण," मी म्हणालो.

"आँ?"

"उचल म्हणतो ना. ही मांजरा न्हाय. हिरीचं पाणी हाय. आपल्या बैलांनी वडलेलं."

"आन् त्या घागरी?"

"म्याच भरल्या."

आजूबाजूच्या बाया थांबल्या. एक म्हातारी म्हणाली, "आता गं बाई, मी तर आख्खा नारळ सोडला." हिनं पोरीला एका कडेवरनं दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

"कवा भरल्या?"

"काल दुपारी."

"म्हंजी संध्याकाळी म्या इचारलं तवा ठावं व्हतं तुम्हाला."

तेवढ्यात गुत्तेदार ओरडत आला, की मोट का सोडली. माझी मोट थांबली हे बघून बाकीचे तिघंही काय झालं म्हणून बघायला धावेवरनं उतरले होते. आणि एवढ्यानं नदी बसली. नदी उतरते, आटते, तशी नाही. बसली. भेगांतला चुना विरघळला होता, खालच्या मुरमानं पाणी ओढून घेतलं, काळ्या मातीच्या निळ्या ढेपा सुटून वर आल्या. नाव साहेबांसकट बेटाला टेकली आणि कलली.

"तुझ्यामुळं झालं हे!" गुत्तेदार म्हणाला. "मोट का सोडलीस?"

"चिलीमभर थांबलो तर आटती, ती नदी कसली वो?" मी म्हणालो. "माती वाळवू नका म्हणलं व्हतं का न्हाय?"

"ते मग बघू. आधी बैल आत घाल आणि नाव ओढ. साहेब बसलेत."

"बैल धुवायला घालतात नदीत. साहेब वडायला न्हाय."

बैल सोडले आणि घरी निघालो. मागं साहेबांना दोन गड्यांनी पाठीवर घेऊन काठाला आणलं म्हणतात, आणि त्यांच्या धोतराची निळी किनार कुठवर गेली ह्याच्यावर धाराशिवात महिनाभर पैजा लागत होत्या. मी वळून बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतं.

वाटेनं ही माझ्या मागं चालत होती. खण-नारळ परत फडक्यात बांधलेला. वेशीपाशी आल्यावर म्हणाली, "एवढ्या माणसांत तुम्ही म्हणलाव, ती नदी न्हाय."

"न्हायच."

"मग खरी कुठं हाय, ते तुम्हाला ठावं हाय."

रडली असती तर मी नाही म्हणालो असतो. दुसऱ्या दिवशी मी गाडी जुंपली. ती न विचारता पोरीला घेऊन चढून बसली. कळंबापर्यंत दीड दिवसाची वाट, आणि त्या वाटेत मी मेहुण्याला काय काय ऐकवायचं ते सगळं पाठ केलं.

मेहुणा नदीवरच भेटला, बैलांना पाणी दाखवायला आला होता. पण नदी कुठली? वैशाखातली मांजरा. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू, आणि मधी एक हिरवट डबकं. मला जे समाधान झालं ते काय सांगू. चार सालांचं व्याज मिळाल्यासारखं झालं.

"या दाजी," तो म्हणाला.

"येतो. पण नदी दिसंना तुमची. कुठं चरायला सोडली का?"

त्यानं बहिणीच्या हातातलं फडकं बघितलं, त्याला कळलं. वाळूत गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागला. हातभर खोल गेल्यावर वाळू ओली झाली. आणखी वीतभर, आणि तळाला पाणी जमलं. आधी गढूळ. त्यानं ओंजळीनं ते काढून टाकलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी तळातली वाळू दिसायला लागली. कुणी ओढत नव्हतं, कुणी ओतत नव्हतं. मी पाठ केलेलं सगळं जागच्या जागी राहिलं.

हिनं झऱ्याच्या कडेला खण ठेवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, पोरीचं डोकं टेकवलं. हिच्या कपाळावरचा निळा डाग अजून पुरता गेला नव्हता. त्याच पाण्यानं तो पुसला. मला म्हणाली, "पाणी घ्या." मी घेतलं. गोड होतं. ते मी तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

पंगत मोठी नव्हती, मेहुण्याच्या घरचीच माणसं. पण बातमी माझ्या गाडीच्या आधी एसटीनं पोचली होती. पहिला घास घेतला आणि मेहुणा वाढता वाढता म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं बी नदी आली व्हती म्हणं. एका दिसात आटली? काय झालं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. घागरींचं सांगायचं म्हटलं तर हिच्यापासनं खरं लपवलं ती संध्याकाळही सांगावी लागणार होती. मी ताटाकडं बघितलं. चुलीपाशी बसलेली ही न वळता म्हणाली, "काय व्हतंय? ह्यांनी मोट सोडली. ह्यांच्या बैलांवर चालली व्हती ती."

पंगत हसली. मेहुणा सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि तांब्या माझ्या पुढं ठेवून म्हणाला, "मग आज जपून वाढायचं कारण न्हाय."

ताटावरनं उठावंसं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण ती संध्याकाळ हिच्या पदरात होती आणि हिनं गाठ सोडली नव्हती. मी भाकरी मोडली आणि आमटी वाढा म्हणालो.