चार रेकॉर्डी आणि एक संध्याकाळ

रेकॉर्डींच्या जुन्या पुठ्ठ्याचा दमट वास आला की मला नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या आमच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. लायडनला बायोटेक शिकणारी आमची मुलगी न कळवता घरी आली आणि अंगातला ओला कोट न काढताच म्हणाली, "आय क्विट, बाबा. मला गाणी लिहायचीयत." नवरा उठला. त्याच्या आवडत्या अमेरिकन गायिकेच्या चार रेकॉर्डी काढून त्याने टेबलावर, व्हिसाची कागदपत्रं लावावीत तशा ओळीने मांडल्या. "ही पहिली. बँजोवरची गावाकडची गाणी. दुसरीत हिने रॅप घातलं, जुने श्रोते रुसले. तिसरीत चर्चमधला कोरस आणि ड्रम मशीन, तेव्हा कंपनीनेच हिला काढलं." "आणि ही?" मुलीने विचारलं. "ही घरच्या स्वयंपाकघरात केलेली. अजिबात खपली नाही. मी सगळ्यात जास्त हीच ऐकतो." "मग सोडू ना मी?" "सोडून आलीस आणि आता विचारतेस होय गं!" ती रडता रडता हसली. "पहिलं गाणं वाईट झालं तरी मला ऐकव," तो म्हणाला. तिने ऐकवलं, आणि ते खरंच वाईट होतं. त्याला जाऊन आता आठ महिने झाले. मुलगी नायमेखनच्या एका कॅफेत डच आणि मराठी मिसळून गाते, आणि नवं गाणं झालं की आधी मला फोन करते. त्या संध्याकाळी "सगळं वाया घालवलंस" हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तो माझ्या आधी बोलला, याबद्दल त्याचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.