वाट पाहणारा तबला

पुण्यात खोली शोधत होतो तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग गाव. यवतमाळच्याही पुढचं आमचं तालुक्याचं गाव नकाशात कुठे येतं ते समजावून सांगेपर्यंत त्यांचा चहा संपायचा आणि ते "कळवतो" म्हणायचे. मांजरीच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीतल्या काकांनी मात्र एवढंच विचारलं, "पहाटे गाणं चालेल का तुम्हाला?"

"चालेल न काका," मी म्हणालो. मला वाटलं, रेडिओ लावत असतील.

काका स्वतः गात. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. तिथलं सगळ्यांचं काम एका कॉम्प्युटरवर आलं तेव्हा त्यांनी व्हीआरएस घेतली, हार्मोनियम आणली आणि पन्नाशीनंतर गाणं शिकायला सुरुवात केली. कॉम्प्युटरवर त्यांचा राग नव्हता. "त्याने सुट्टी दिली म्हणून शिकलो," असं ते म्हणत. काकू म्हणत, "सुट्टी यांना, ऐकायचं आम्ही."

त्यांचा सूर चांगला होता. लय मात्र हातात राहत नसे. सुरात रमले की मंदावत आणि तान घेताना सुटत. सोसायटीच्या दिवाळी पहाटमध्ये एकदा तरी तबल्यासह पूर्ण बंदिश गायची, एवढीच त्यांची इच्छा होती. दरवर्षी ते नाव देत आणि दरवर्षी गाडं तबल्यापाशी अडे. शेजारच्या इमारतीत एक चांगले तबलावादक राहत. "काकांना ठेका देणं म्हणजे लहान मुलाला कर्वे रोड ओलांडून देणं. मला जमणार नाही," असं ते काकांच्या समोरच म्हणाले होते. काकांनी मान डोलावली. पुण्यात खरं बोलणाऱ्याचा आदर करतात.

मग त्यांनी तबल्याचा इलेक्ट्रॉनिक डबा आणला. तो आपला एका लयीत वाजत राहायचा. काका मागे पडले की तो पुढे जायचा आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, दोघांची गाठ पडायची नाही. एका रविवारी काका डबा घेऊन माझ्या खोलीत आले.

"डबा चांगला आहे हो, पण माझं ऐकत नाही. तुमचा कॉम्प्युटर ऐकेल का?"

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. कुणी मोठ्या माणसाने काही विचारलं की ते आपल्याला यायलाच हवं, असं मला वाटे. शिवाय मला कावीळ झाली होती तेव्हा काकूंनी महिनाभर बिनतेलाचं जेवण खोलीत आणून दिलं होतं. मी म्हणालो, "करून देतो न काका."

दिवसा मी ऑफिसात अमेरिकेतल्या माणसांच्या विम्याचे प्रोग्राम लिहायचो आणि सुट्टीच्या दिवशी काकांच्या तबल्याचा. ऑफिसातल्या एका मित्राकडून धा, धिं, ना, तिं असे सुटे बोल वाजवून घेतले आणि माईकवर रेकॉर्ड केले. कॉम्प्युटरने काकांचा आवाज ऐकायचा, ते समेकडे कोणत्या वेगाने निघालेत याचा अंदाज घ्यायचा आणि त्या वेगाने बोल वाजवायचे. काका थांबले तर त्याने थांबायचं, निघाले तर निघायचं. गायकाच्या पुढे जायचं नाही, हा नियम मी सगळ्यात आधी लिहिला. लहानपणापासून मला तेच शिकवलं होतं. मोठ्यांच्या पुढे चालू नये, त्यांचं बोलणं तोडू नये, ते बसल्याशिवाय आपण बसू नये. तबल्यालाही मी तेच वळण लावलं आणि मला त्याचा अभिमान वाटला.

काकांच्या रियाजाच्या जुन्या कॅसेट होत्या. त्या लावून मी तबला तपासला. काका कुठेही मंदावोत, कुठेही सुटोत, तबला समेवर हजर. काकांनी समोर बसूनही थोडं थोडं गाऊन पाहिलं, तेव्हाही छान झालं. काकांनी सोसायटीच्या सचिवांना सांगितलं, "तबल्याची सोय झाली." सचिवांनी खोलीत येऊन कॉम्प्युटरकडे पाहिलं. "सहा वाजता घ्या. सातपासून लोक यायला लागतात," ते म्हणाले.

पार्किंगमध्ये तख्तं मांडून वर पांढरी चादर घातली होती. आम्ही मॉनिटर, सीपीयू, स्पीकर सगळं वर नेलं. काकूंनी सीपीयूला हळदकुंकू लावलं. सातच्या आधी लोक येत नाहीत हे सचिवांचं म्हणणं खोटं ठरलं, कारण कॉम्प्युटर तबला वाजवणार ही बातमी पसरली होती. ते तबलावादकही दुसऱ्या रांगेत येऊन बसले. सचिवांनी माईकवर सांगितलं, "तबल्यावर साथ, संगणक." प्रथेप्रमाणे प्रत्येक कलाकाराला गुलाब द्यायचा होता. एक काकांना दिला. दुसरा घेऊन एक मुलगी जरा घुटमळली आणि तिने तो सीपीयूवर ठेवला. मी नवा कुर्ता घालून मागेच बसलो होतो.

काकांनी भैरव लावला. मध्यलयीतली बंदिश होती. सुरुवातीची आवर्तनं इतकी नेमकी गेली की काकू मागे वळून शेजारणीकडे पाहू लागल्या. मग मला पडद्यावर लयीचा आकडा उतरताना दिसला.

काय होत होतं ते मला बसल्या जागी कळलं. काका घरी मोकळेपणाने गात. इथे सम चुकू नये म्हणून ते जिवाचा कान करून तबला ऐकत होते, आणि तबला त्यांना ऐकत होता. काका धा ची वाट पाहत किंचित थांबत. ते थांबले म्हणून तबला थांबे. तबला थांबला म्हणून काका आणखी सावध होत. कॅसेटमधले काका तबला ऐकत नव्हते, म्हणून तेव्हा सगळं जमलं होतं. लय धरून ठेवण्याचं बटण मी केलंच नव्हतं. काकांच्या वर कुणाचा अधिकार असावा, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. प्रोग्राम बंद करणं तेवढं शक्य होतं, पण मग ते सगळ्यांसमोर एकटे पडले असते.

धा आणि धिं यांच्यामध्ये आता एक चकली खाऊन झाली असती. मी लोकांकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी डोळे मिटले होते. त्यांतल्या एकांनी हात वर करून हळूच "वा" म्हटलं. मग दुसऱ्यांनाही म्हणावं लागलं. समजलं नाही असं गाण्याच्या बैठकीत चेहऱ्यावर दाखवायची पद्धत आपल्याकडे नाही. दुसऱ्या रांगेतले तबलावादक तोंडावर रुमाल धरून बसले होते.

शेवटी दोघंही थांबले. काका तबल्यासाठी आणि तबला काकांसाठी. पार्किंगमध्ये पूर्ण शांतता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी हात जोडले. आवर्तन अर्धंच राहिलं होतं, आणि टाळ्या मात्र मनापासून पडल्या.

"काकांनी आज घाई केली नाही, हे विशेष," सचिव माईकवर म्हणाले.

फराळाच्या वेळी लोक येऊन काकांना भेटत होते. एक गृहस्थ म्हणाले, "असा ठहराव हल्ली ऐकायला मिळत नाही." काका प्रत्येकाला नमस्कार करत होते, पण ताटलीतला चिवडा तसाच होता. घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं.

"ते सगळे वा म्हणाले. तुम्ही खरं सांगा. बंदिश पूर्ण झाली का?"

"नाही काका. तुम्ही त्याची वाट पाहत होता, आणि तो तुमची."

"म्हणजे पुढे व्हायला कुणीच तयार नव्हतं."

"हो न."

काकू आतून म्हणाल्या, "आमच्या लग्नात उखाण्याच्या वेळी यांचं असंच झालं होतं."

काका म्हणाले, "चुकलो असतो तर चाललं असतं हो. मी गायलोच नाही, आणि लोक खूश झाले. त्या तबल्याला जरा उद्धट करा."

हे काम मला सगळ्यात अवघड गेलं. तबल्याने गायकाचं किती ऐकायचं आणि किती ऐकायचं नाही, यासाठी मी पडद्यावर एक पट्टी केली. पट्टी एका टोकाला नेली की तो डब्यासारखा कुणालाच जुमानत नसे. दुसऱ्या टोकाला तो माझ्यासारखा वागे. मधली जागा सापडायला पावसाळा गेला. काका लय सोडत आणि तबला पुढे निघून जाई. "अहो, थांबा की जरा," काका मॉनिटरला म्हणत. तो थांबत नसे. मी पट्टी मागे घ्यायला हात पुढे केला की काका माझा हात धरत. "राहू द्या. पुण्याचा आहे तो आता." मग ते गाताना त्याच्यामागे धावत, एखाद्या आवर्तनानंतर त्याला गाठत आणि सम पकडली की मांडीवर थाप मारत.

पुढच्या दिवाळीला सचिवांनी आपणहून विचारलं, "काका, या वेळी साडेसहा घ्या. गेल्या वर्षीसारखं काहीतरी संथ."

काकांनी तीच बंदिश मध्यलयीत घेतली. तीन ठिकाणी घसरले आणि तिन्ही वेळा सावरून समेवर आले. एकदा तबला पुढे गेला तेव्हा लोकांसमोर त्याच्याकडे रागाने पाहिलंही. शेवटची तिहाई नेमकी समेवर पडली. टाळ्या पडल्या, बेताच्या. फराळाच्या रांगेत ते मागच्या वर्षीचे गृहस्थ भेटले. "छान झालं," ते म्हणाले, "पण गेल्या वर्षी गाण्यात खोली जास्त होती." तबलावादक काकांच्या शेजारून जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

काकांनी चिवडा संपवला आणि आणखी मागून घेतला.

"या वर्षी कुणी वा म्हटलं नाही," मी म्हणालो.

"कुठून म्हणतील," काका म्हणाले, "धा आणि धिंच्या मध्ये जागाच नव्हती."