सासऱ्यांनी पास केलेला कारागीर

भागूजी गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला. "काका, दादा गेले," एवढंच ती म्हणाली. महिना उलटला, पण त्याची आठवण आली की मला आधी हसूच येतं… आणि मग डोळे पुसावे लागतात.

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडचं रान करपलं आणि भागूजी राहात्याला, मी शिवायला होतो त्या शिंप्याच्या दुकानात उमेदवार म्हणून काम शिकायला आला. तिशी ओलांडलेली, झुपकेदार मिशा. दुकानाचे मालक, आमचे मास्तर, त्याच्याहून लहान. कापड बेतायचं मास्तरांनी, मशीनवर शिवायचं आम्ही कारागिरांनी, आणि काजं-बटणं, तुरपाई, चहा आणणं हे उमेदवाराचं काम. कारागिराला गिऱ्हाईक 'अहो' म्हणे, उमेदवाराला 'ए'. भागूजीची बायको कौसा तेव्हा माहेरी होती. "कारागीर व्हा, मग लेक धाडतो," असं सासऱ्यांनी बजावलेलं. भागूजीनं थोडक्याच महिन्यांत निरोप धाडला, की झालो. झाला नव्हता.

एका दुपारी सासरे कोटाचं कापड काखेत मारून थेट दुकानाकडे येताना दिसले. जमिनीवर काज करत बसलेला भागूजी पांढराफटक पडला. मास्तरांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी गळ्यातला टेप काढून भागूजीच्या गळ्यात टाकला, त्याची सुई हिसकावली आणि त्याच्या जागी बसकण मारली. "ऊठ! आता मी उमेदवार."

भागूजीनं सासऱ्यांची मापं घेतली. "आता बेता माझ्या म्होरं," सासरे म्हणाले. मी घाईघाईनं सांगितलं, "कात्री धारेला गेलीय." कात्रीवर मीच बसलो होतो, आणि ती टोचत होती.

"पाहुण्यांना पानी दे रे," भागूजी मास्तरांना म्हणाला आणि त्यानं स्वतःचीच जीभ चावली. मास्तर पाणी आणायला उठले. सासऱ्यांनी त्यांच्या जागेवरचा सदरा उचलून पाहिला. मास्तरांनी कित्येक वर्षांत काज केलं नव्हतं.

"जावईबापू, ह्यो उमेदवार लई बेकार हाय. उंदरानं कुरतडल्यागत केलंय. हाकला ह्याला!"

मास्तरांचे कान लाल झाले. भागूजी मात्र ते काज पाहून सोंगच विसरला. सदरा मांडीवर घेऊन त्यानं सगळे टाके उसवले आणि गाठीला गाठ टेकवत काज नव्यानं भरलं. सासऱ्यांनी बटण घालून, काढून, पुन्हा घालून पाहिलं.

"व्हय… ह्याला म्हनत्यात कारागीर. परवा येतो, लेकीला घिऊन."

ते गेले तसा भागूजी मास्तरांच्या पायाशी वाकला. "मास्तर, चुकलं."

"गप! गिऱ्हाइकासमोर मला उमेदवारीत नापास केलंस. आता तू खाली बसलास तर मलाच लाज वाटंल. उद्यापासनं मशीनवर बस."

मास्तरांनी बेतलेला तो कोट भागूजीनंच शिवला. सासऱ्यांनी तो भर उन्हाळ्यातही अंगावरून काढला नाही. कौसावहिनी आल्या, संसार झाला, पुढे भागूजीनं स्वतःचं दुकान थाटलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींनी मला त्याच्या खोलीत बसवलं आणि त्या धुतलेला अभ्रा उशीवर चढवू लागल्या. अभ्र्याला भागूजीच्या हातची पाच काजं, पाच बटणं.

"उशीला कशाला एवढी बटनं, म्हनलं, तर म्हनायचे, पळून गेली तर?"

वहिनी हसल्या. मग उशी मांडीवर घेऊन एकेक बटण सावकाश लावत राहिल्या… शेवटचं लावून झालं, तरी त्यांचा अंगठा त्या काजावरून फिरतच होता.