पंचावन्नची बोली

आता गाडीला हवा तो नंबर घरबसल्या मिळतो म्हणे. मोबाइलवर बोली लावायची, समोर कोण आहे ते दिसत नाही, हरलात तरी तोंड लपवायला नको. ही सोय आमच्या अण्णांच्या वेळी असती तर माझं डोकं एवढं तापलं नसतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जाफराबादहून जालन्याला त्यांची काळीपिवळी जीप चालायची. तिला नंबर मिळाला होता नुसता पंचावन्न, तोही नशिबाने. स्टँडवर अण्णांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत असेल. लोक आले की विचारायचे, पंचावन्न लागली का? वाचता न येणाऱ्या बायकासुद्धा दोन सारखे आकडे शेजारी शेजारी दिसले की बिनधास्त चढायच्या. लेकीला एकटीला सासरी धाडायचं असलं की घरची माणसं म्हणत, पंचावन्नात बसवून द्या. कारण पंचावन्नवाला पोरीला फाट्यावर उतरवून मोकळा होत नसे, दारापर्यंत नेऊन सोडत असे.

दोन हजार सालानंतर ती जीप थकली आणि अण्णांनी नवी घ्यायची ठरवली. जीप कुठलीही चालेल, आकडा तोच पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. आकडा बदलला तर आपल्या बायाबापड्या भलत्याच गाडीत बसतील, या काळजीने त्यांना जेवण गोड लागेना. नव्या मालिकेत पंचावन्न मोकळा होता, पण तो आणखी एकाने मागितला होता. अशा वेळी दोघांनी आपापल्या रकमेचा ड्राफ्ट बंद पाकिटात द्यायचा आणि ज्याचा जास्त त्याला नंबर, असा आरटीओचा नियम.

मी तेव्हा जालन्यात शिक्षिका होते. रजा टाकली, ड्राफ्ट काढून आणला, पाकीट स्वतः डिंकाने चिकटवलं आणि अण्णांना बजावलं, की आतला आकडा कोणाला सांगायचा नाही. अण्णांनी मान डोलावली. ते मान फार सुंदर डोलावतात.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. विसर्जनाआधी गणपतीच्या नारळाचा लिलाव होतो. बोली लावणाऱ्याने उभं राहायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा सांगायचा आणि नारळ कशासाठी हवा तेही सांगायचं. कुणाच्या घरी पाळणा हललेला नसतो, कुणाचं दुखणं उतरत नसतं. कारण मनाला पटलं की बाकीचे आपोआप गप्प बसतात. एकाने एकदा कानात कुजबुजून बोली लावली, तर वर्षभर गावाने त्याची टिंगल केली. आणि त्या लिलावात "एक वार, दोन वार" पुकारायचा मान कित्येक वर्षं अण्णांकडेच होता.

पाकीट द्यायच्या दिवशी आरटीओबाहेर मी झेरॉक्स काढायला गेले तेवढ्यात घात झाला. परत येते तर अण्णा चहाच्या टपरीवर एका सफारी सूटवाल्याशी हसून बोलतायत. तोच दुसरा उमेदवार. आमच्याच भागात रस्त्यांची कामं घेणारा गुत्तेदार. त्याने नवी पांढरी गाडी घेतली होती आणि नंबरातल्या आकड्यांची बेरीज शेवटी एक यायला हवी, म्हणजे पाच नि पाच दहा आणि दहाचा एक, असं त्याच्या ज्योतिषाने सांगितलं होतं. अण्णांनी त्याला सगळं सांगून टाकलेलं. बायका, त्यांच्या लेकी, जुनी जीप आणि पाकिटातली रक्कमही.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "अण्णा, आकडासुद्धा सांगितला?"

"मंग? लपून बोली लावायला आपण काय चोरी करून राह्यलो का? त्यानं बराबर ऐकून घेतलं. च्या बी त्यानंच पाजला."

गुत्तेदाराच्या बॅगेत लहानमोठे तीन-चार ड्राफ्ट तयार होते. त्याने आमच्या आकड्याच्या बेताने वर जाईल असा जोड निवडला आणि पाकीट दिलं. उघडल्यावर त्याची रक्कम आमच्यापेक्षा थोडीशीच जास्त निघाली. जाताना त्याने आम्हाला नमस्कारही केला. एसटीत बसल्यावर मी तोंड सोडलं ते भोकरदन आलं तरी थांबले नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "म्या कारण सांगितल्तं त्याला."

त्या वाक्याने मला जास्त त्रास झाला.

नव्या जीपला चार वेडेवाकडे आकडे मिळाले. बायका पाटी बघायच्या आणि पुढच्या गाडीकडे जायच्या. मग अण्णा पाटीच्या पुढ्यात उभे राहू लागले, म्हणजे आधी आपलं तोंड दिसावं. ते तसे उन्हात उभे असलेले बघून माझा जीव तुटायचा.

एका बाजाराच्या दिवशी मी जालन्याला परतायला म्हणून आमच्या जीपच्या पुढच्या सीटवर बसले होते. तेवढ्यात गुत्तेदार तरातरा आमच्याकडे आला. चेहरा रडवेला. बाजारात गाडी उभी करून तो पान खायला गेला होता आणि परत येतो तर मागच्या सीटवर एक म्हातारी, तिची गरोदर लेक, दोन गाठोडी आणि मिरच्यांची टोपली. त्याने विनवण्या केल्या, पण म्हातारी उतरायला तयार नव्हती. माझ्या पोराने पंचावन्नात बसवून दिलंय, राजूरला सोड, असं ती त्यालाच दटावत होती.

अण्णा गेले. मीही मागोमाग गेले, ही गंमत कोण सोडणार? गुत्तेदार स्वतःच्याच गाडीचं दार धरून उभा होता.

अण्णा वाकून म्हणाले, "मावशी, उतरा. पंचावन्न तिकडं हाय."

म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि लेकीला म्हणाली, "उतर गं, हा बघ आपला पंचावन्न." मिरच्यांची टोपली तिने गुत्तेदाराच्या हातात दिली, ती त्याने मुकाट्याने आमच्या जीपपर्यंत आणली. जीपच्या पाटीवरचे आकडे तिने बघितलेही नाहीत.

त्या दिवसापासून अण्णा पाटीपुढे उभे राहायचे थांबले.