दोन उपग्रह आणि आबांचा रुमाल

त्र्याहत्तर साली मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. अमळनेरच्या कॉलेजात फिजिक्सच्या सरांनी एक बातमी सांगितली आणि माझं डोकंच फिरलं. चोरून कुणी अणुबॉम्बची चाचणी करतंय का, यावर पाळत ठेवायला अमेरिकेने अवकाशात उपग्रह सोडले होते. त्यांना भलतंच काही दिसलं. गॅमा किरणांचे झोत, काही सेकंद चमकून विझणारे. ते पृथ्वीवरचे नव्हते, सूर्याचेही नव्हते. मग कशाचे? जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ते शोधायचं होतं. त्यासाठी पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायला हवं होतं, आणि इकडे घरात धुळ्याचं एक स्थळ ठरल्यात जमा होतं.

माझे वडील, म्हणजे आबा, शेंगांचे व्यापारी. एका दलालाच्या शब्दावर त्यांनी कधी पोतं हलवलं नाही. पहिल्याचं सगळं ऐकून घ्यायचे, त्याला चहा पाजायचे, आणि दुसऱ्या गावच्या दलालाकडे जाऊन, पहिल्याचं नाव न काढता, तेच विचारायचे. दोघांचं जुळलं तरच व्यवहार. बाजारात उघडा लिलाव आला होता, पण जुन्या मित्रांशी आबांचा सौदा अजून रुमालाखालीच चाले. हातावर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून आकडा सांगायचा आणि बाहेर हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. बाईमाणसाचा हात त्या रुमालाखाली जायचा प्रश्नच नव्हता.

एका दुपारी जेवताना मी आबांना ते झोत समजावून सांगितले. त्यांनी घास खाली ठेवला.

"हाई एकच मशीननी देखं का? मंग ते मशीनच बिघडेल व्हई."

मला इतका आनंद झाला! शास्त्रज्ञांनाही आधी हीच शंका आली असणार. "नाही आबा, एकमेकांपासून लांब फिरणाऱ्या उपग्रहांनी तोच झोत पाहिला. एकाला जरा आधी दिसला, दुसऱ्याला जरा नंतर. त्या फरकावरूनच तो कुठल्या बाजूने आला याचा अंदाज बांधला."

आबांनी मान डोलावली. "पन जे कोनलेच मालूम नई, ते शिकीसन तू काय करशी?"

"मालूम असतं तर शिकायला कशाला गेले असते? घरी भाकरी थापत बसले असते!"

"भाकरी थापनं काय वाईट शे का?" चुलीपाशी बसलेली आई फणकारली. विषय तिथेच बुडाला.

दोन दिवसांनी आबा धुवट धोतर नेसून, टोपी घालून सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेले. स्थळाकडेच गेले असणार, असं आई म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जेवले नाही. मुलाला तोंडावर काय सांगायचं, ते मनात दहा वेळा घोकलं. मी नाही म्हणू शकते याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, फक्त आबांनी मला विचारलंच नाही याचं रडू येत होतं.

संध्याकाळी ते आले. त्यांनी टोपी खुंटीला लावली नाही तोच मी म्हटलं, "आबा, मी लग्नाला उभी राहणार नाही."

"पानी तं पिऊ दे."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी ते आमच्या सरांना भेटून, मला पुण्याला धाडावं का, असं विचारून आले होते. आज धुळ्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना भेटले. तिथेही त्यांनी माझे मार्क आणि तोच प्रश्न पुढे ठेवला, पहिल्या सरांचं नाव न काढता.

"दोन्हीस्नी एकच सांगं," आबा म्हणाले. "पोर हुशार शे, धाडा तिले."

"आणि स्थळ?"

"तठे बी गयथू. सांगी वनू, आते नई म्हनीसन."

म्हणजे ते नकार सांगून आले होते! मी काही बोलणार तोच आबांनी खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यासमोर धरला. "बोल. कितला सालना सौदा शे?"

आई चुलीपाशी उभीच राहिली. मी लहानपणापासून लांबून पाहत आलेल्या त्या रुमालाखाली हात घातला, आबांची दोन बोटं धरली आणि दाबली. त्यांनी माझा अख्खा हात घट्ट धरून ठेवला.

रुमालाबाहेर मात्र ते आईकडे बघून म्हणाले, "यंदा थंडी जास्तच शे."