रोडगे आणि वरचा स्वर

१२ जानेवारी, रविवार. सकाळचे साडेसात झाले होते आणि माझ्यासमोर पाच किलो वांगी होती. दुपारी कन्हानजवळ जाऊबाईंच्या भावाच्या शेतावर रोडग्यांचा बेत होता. हात वांगी चिरत होते आणि तोंडाने ब्रर्र चाललं होतं. ओठ सैल मिटायचे, त्यांच्यातून हवा सोडायची आणि त्या फुरफुरीवरच स्वर खालून वर न्यायचा. गळा न ताणता वर जायची सवय लागते.

जाऊबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं.

"काहून वं, म्हशी हाकलून राहिली का?"

मी म्हटलं, संध्याकाळी क्लबाच्या कार्यक्रमात गायचंय. त्या म्हणाल्या, "मंग गा नं. हे काय हाय?"

त्यांना उगाच दोष देत नाही. आमच्या कराओके क्लबात कोणीच असलं काही करत नाही. ट्रॅक लावतात, चष्मा चढवतात आणि मोबाईलमध्ये बघून जुनी प्रेमगीतं गातात. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमात मी गिटार-ड्रमवालं गाणं घेतलं. त्याच्या ध्रुवपदात एक शब्द पार वर चढतो आणि आठ मात्रा तिथेच राहतो. मी तिसऱ्या मात्रेला फाटले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कानाचं यंत्र काढून तपासलं. त्यानंतर क्लबाच्या सेक्रेटरींनी मला प्रेमाने समजावलं की बायकांच्या आवाजाला संथ गाणी शोभतात, आणि हेच गाणं घ्यायचं असेल तर ट्रॅकची पट्टी खाली करून देतो. मी चारचौघांत सांगितलं, पुढच्या वर्षी हेच गाणं, मूळ पट्टीत.

म्हणून दिवाळीनंतर शिकवणी लावली. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी मुलगी बँडमध्ये गाते आणि शिकवते. तिने पहिल्याच दिवशी मला जमिनीवर आडवं केलं आणि पोटावर डिक्शनरी ठेवली. श्वास घेतला की डिक्शनरी वर यायला हवी, खांदे नाही. वरचा स्वर म्हणजे लांबच्या माणसाला मारलेली हाक नव्हे, हे मला पटायला महिना लागला. वर जाताना हवा जास्त नाही, कमी सोडायची. हनुवटी उचलायची नाही. "ई" असेल तर तोंड उघडून तिला जरा "ए"कडे झुकवायचं, ऐकणाऱ्याला कळत नाही. डिसेंबरअखेर आठही मात्रा टिकायला लागल्या. तिने पथ्यंही दिली. तिखट तर्री नको, गार पाणी नको, उगाच खाकरायचं नाही. मी सगळी पाळली.

गोवऱ्यांबद्दल ती काही बोलली नव्हती.

शेतावर पोचलो तेव्हा पुरुषमंडळी विस्तव पेटवत होती. रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे, ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, त्यामुळे विस्तव पेटला नाही तर जेवण नाही. गोवऱ्या दमट होत्या. चार जण उभे राहून एकमेकांना सल्ले देत होते. अर्धा तास मी बघितलं. मग मला बघवेना. सगळ्यांना बाजूला केलं, पदर खोचला, खाली बसले आणि फुंकर घातली. पोटातून, खांदे न उचलता, लांब आणि एकसारखी. अडीच महिन्यांची तालीम होती. दहा-बारा फुंकरांत गोवऱ्या धडधडल्या. सगळ्यांनी वाहवा केली.

फुंकर सोडायची तर आधी श्वास घ्यावा लागतो, आणि तोही मी शिकल्याप्रमाणे खोल घेतला होता. दर वेळी पोटभर धूर.

रोडगे उत्तम झाले. हात धुताना मी साबण मागितला तर घशातून दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला. परतताना कामठीजवळ गाडीतून शिकवणारीला फोन लावला. तिने पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत हळू गुणगुणायला लावलं, शेजारी जाऊबाई बाटलीकडे बघत बसल्या. मग म्हणाली, "काकू, आज मूळ पट्टी नाही. पट्टी खाली घ्या. जोर लावला तर महिनाभर आवाज बसेल."

मी सांगितलं की सेक्रेटरींना शब्द दिलाय.

"गायचंय कोणाला, काकू? त्यांना की तुम्हाला?"

हॉलवर पोचताच सेक्रेटरींना गाठून म्हटलं, दोन पट्ट्या खाली करा. इतक्या आनंदाने त्यांनी कधी चहाही विचारला नव्हता. माझं नाव पुकारताना त्यांनी ती बातमी माईकवरून जाहीरही केली. लोक हसले. मी उभी राहिले, गुडघे सैल सोडले आणि गायले. ध्रुवपद आलं. वर जाताना ढकलायचा मोह झाला, तो आवरला. स्वर बारीक होता, कडेला थोडा खरखरीतही होता, पण आठव्या मात्रेपर्यंत उभा राहिला. ध्रुवपद तीनदा येतं, तिन्ही वेळा.

खुर्चीवर येऊन बसले. जाऊबाईंनी पर्स माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "या खेपेले फाटला नाही वं."

मी मान डोलावली. खरं तर मला बोलताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला वाफ घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले आणि कागदावर लिहून मूळ पट्टीचा ट्रॅक मागितला. तिने घसा बघितला आणि सांगितलं, आठ दिवस मौन, ट्रॅक त्यानंतर. मी लिहिलं, चार. ती म्हणाली सात. सहावर ठरलं. खाली येऊन मी ऑफिसचा डबा भरला.