चिंचेनं घासलेला दिवा

सिंगापूरच्या हौगांग भागातल्या आमच्या ब्लॉकमधल्या उल्काकाकूंना काळं पडलेलं पितळ बघवत नाही. त्यांचा मुलगा तन्मय म्हणतो, आईच्या घासणीतून फक्त बाबा वाचले, कारण ते जहाजावर असायचे. हेमचंद्रकाका मरीन इंजिनियर, दर खंडेनवमीला जहाजाच्या इंजिनाला हळदकुंकू वाहणारे.

काका निवृत्त झाल्यावर काकू जुरोंग ईस्टजवळच्या एका खासगी संग्रहात जुन्या मोटारींची माहिती सांगायला जाऊ लागल्या. शाळेच्या मुलांसमोर तर त्यांच्या उत्साहाला ऊतच येई. मोटार नवी होती तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं, कुणी ती वाफेवर चालवी, कुणी विजेवर, कुणी पेट्रोलवर. सायकलवाले, बग्गीवाले, जो उठला तो मोटार बनवत होता. बहुतेकांचं दिवाळं वाजलं आणि नावंही मागे उरली नाहीत. काकूंचा जीव या हरलेल्यांवरच. दोन भावांनी सायकलच्या दुकानात जोडलेली एक चिमुकली गाडी तर त्यांची खास लाडकी.

यंदा खंडेनवमीला त्या चिंच आणि मीठ घेऊन लवकर पोचल्या. कुणाला विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. लाडक्या गाडीचा पितळी दिवा समईसारखा घासला, कडेच्या पट्टीवरची काजळीसुद्धा काढली. मग कुंकू लावून झेंडूचं फूल ठेवलं.

संग्रहाचे मालक मिस्टर कोह आले आणि त्यांनी वाकून दिव्याची पट्टी पाहिली. ती काजळी नव्हती, त्यांनी हळूच सांगितलं. भावांनी आपलं नाव ब्रशनं तिथे लिहिलं होतं. नावाचे फोटो आहेत, पण त्यांच्या हातचं अक्षर तेवढं एकच होतं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं काकूंना झालं. ज्यांची गोष्ट त्या रोज सांगत होत्या, त्यांचं अक्षर त्यांनी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. लाजेनं त्यांची मान वर होईना.

तेवढ्यात शाळेची बस आली. आज मी दाखवतो, असं मिस्टर कोह म्हणाले, पण काकूच पुढे झाल्या. एका मुलीनं विचारलं, ही गाडी कुणी बनवली? काकूंनी भावांचं आडनाव सांगितलं.

"त्यांनी ते इथे स्वतः लिहिलं होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी पुसून टाकलं."

मुलगी वाकली. पितळेत तिला स्वतःचा चेहरा दिसला.

"सो शायनी, लाह," ती खास सिंगापुरी ढंगात, खुशीत म्हणाली.

काकू नुसतं "हो" म्हणाल्या.